गोठ्यातल्या गाडीचं मागचं चाक

चाक सोडवलं ते फिटर मामांनी. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझा राग इतका आहे की त्या धुरळ्यात मामा मागं राहून जातील अशी मला भीती वाटते. मला तशी कशाचीही भीती लवकर वाटते. इथं गुजरातेत टाइलच्या कारखान्यात पाळीवर निघताना खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो, आणि चौथ्यांदा बघायला जिन्यावरून परत येतो. म्हणून मामांचं आधी.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मायच्या माहेरगावचे, म्हणून मामा. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या शेअरवर उभी राहिलेली एक सहकारी सूतगिरणी होती, तिथं ते फिटर होते. गिरणीला कुलूप लागलं तेव्हापासून सिरसाळ्यात घराच्या ओट्यावर बसून फवारणीचे पंप, स्टोव्ह, शिलाई मशीन असलं काहीबाही दुरुस्त करायचे. गिरणी गेली तरी लोकांनी त्यांचं फिटर हे नाव सोडलं नाही.

मी आठवीतून शाळा सोडली आणि दुधाच्या मागं लागलो. आमच्या दोन म्हशी, चुलत्याच्या तीन, शेजारपाजारचं थोडं. सगळ्यांचं दूध कॅनमध्ये घालून मोटारसायकलवर गावच्या सहकारी सोसायटीत न्यायचो. मग पावसानं पाठ फिरवली. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, सोसायटी बंद झाली आणि मी कारखान्यात. जाताना गाडी रिकाम्या गोठ्यात डबल स्टँडवर लावली, वरून ताडपत्री टाकली आणि मायला बजावलं, "कुनाला हात लावू देऊ नको. काकाला तर बिलकुल न्हाई." चुलत्यानं एकदा नेली होती तर हँडल वाकडं करून आणली होती, ते डोक्यात होतं.

तिसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. मायचा फोन आला. सोसायटी पुन्हा सुरू होतीय, वस्त्यांवरनं दुधाची कॅन आणायला स्वतःच्या गाडीचा माणूस पाहिजे. चेअरमन म्हणाला होता, "पोराला म्हनावं सोमवारी सकाळी सहाला गाडी घिऊन हजर ऱ्हा. न्हाई आला तर दुसरा बघतो."

म्हणजे सोमवारी सहाला गाडी चालली तर मी घरी राहणार. नाही चालली तर परत भट्टीपुढं. बास, एवढंच होतं. तीन दिवसांची रजा काढून निघालो तेव्हा खोलीतल्या पोरांना सांगूनही आलो, की माझी गादी कुणाला तरी देऊन टाका.

शनिवारी दुपारी घरी पोचलो. पाणीसुद्धा न पिता गोठ्यात गेलो आणि ताडपत्री ओढली. टायर बसले होते, ते अपेक्षितच होतं. न्यूट्रल बघितलं, स्टँडवरून गाडी पुढं ढकलली. पुढचं चाक कुरकुरत फिरलं. मागचं फिरलं नाही. जमिनीवर घासत गेलं आणि शेणानं सारवलेल्या भुईवर एक लांब ओरखडा उमटला. पुन्हा ढकललं, पुन्हा ओरखडा. लाथ मारली. मग गव्हाणीतला दगड उचलून चाकावर हाणला, तर एक तार तुटली. चाक होतं तिथंच.

तेवढ्यात हेडलाइटवर लक्ष गेलं. हळदीकुंकवाचे वाळलेले डाग. टाकीवर होते. मागच्या चाकाच्या मधल्या डब्यावरही होते, जिथं ब्रेक असतो. चेनच्या कव्हरात झेंडूचा सुकलेला हार अडकला होता.

आमच्याकडं दसऱ्याला ज्याची गाडी तो पूजतो. माझं डोकं फिरलं. म्हणजे चुलत्यानं गाडी वापरली, आपली म्हणून पूजली, मोडली आणि गुपचूप परत आणून लावली. मी कुणाला काही विचारलं नाही. दगड हातात तसाच घेऊन त्याच्या अंगणात गेलो.

चुलता बाजेवर बसून शेंगा फोडत होता. शेजारचे दोघे-तिघे होते.

"काका, गाडी कितींदा नेली?"

"कोन्ती गाडी?"

"सोंग करू नका. दसऱ्याला पुजलीय. हळद हाय तिच्यावर."

"आसंल. दसऱ्याला लोक कात्रीला बी हळद लावत्यात. तुज्या गाडीला काय मी लावली?"

"मंग चाक कावून फिरंना?"

"मला कावून इचारतो? चाकाला इचार की." शेजारचे हसले. चुलत्यानं शेंगेची टरफलं झटकली आणि तोही हसला. "आरं, तुझ्या मायनं मला तिच्या आरशात तोंड सुदिक बघू दिलं न्हाई. दोन येळा मागितली मी. दोन्ही येळा गोठ्याच्या दारात पाटा-वरवंटा घिऊन वाटण वाटत बसली. नारायणगडाची आन घिऊन सांगतो, हात लावला न्हाई."

तिथं मी थांबायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "गडाची आन खाता? तुमी तर छावणीतला जनावराच्या तोंडचा चारा सुदिक इकला आसंल."

हसणं बंद झालं. दुष्काळात जे छावणीत राहिले त्यांना हे बोलणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो. मी राहिलो नव्हतो छावणीत. चुलता उठून आत गेला. त्याच्या मागं दार लोटलं गेलं.

माय ओसरीवरून हे ऐकत होती. काही बोलली नाही. तिला वाटलं असेल, आता बोललं तर हा आणखी पेटेल. रात्री भाकरी वाढली, ती मी अर्धी टाकली.

रविवारी सकाळी पहिल्या जीपनं सिरसाळ्याला गेलो. मामा ओट्यावर पंपाचा वायसर कापत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. सोमवार, सहा वाजता, चुलता, चाक, दगड.

"किती दिस उभी हाय?"

"तीन वर्स."

"मदी कुनी फिरवली का?"

"त्याचाच तर राग हाय ना, मामा. चुलत्यानं..."

"चालवली का म्हनलो न्हाई मी. नुसतं चाक हातानं फिरवलं का?"

"कोन फिरवनार? आन कशाला?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी जनावराला पाणी कशाला पाजायचं असं विचारलं होतं. पंप बाजूला ठेवला, पिशवीत पाने, पॉलिश पेपर, लाकडाचा एक ठोकळा आणि हातोडी टाकली, आणि घरात आवाज दिला, "येतो गं सांजच्याला." त्यांच्या ओट्यावर त्या दिवशी चार लोकांची कामं पडून होती. मला ते आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा दिसलंच नाही.

गोठ्यात येऊन त्यांनी आधी चेन काढली. म्हणाले, "पयले चोर कोन ते ठरवू. सगळ्या गावाला मारत सुटायचं न्हाई." चेन काढूनही चाक हललं नाही. "झालं. इंजिन सुटलं, गिअर सुटला. दोघं निर्दोष. आता ब्रेक."

ब्रेकचे आतले लायनर, म्हणजे चाकाला दाबून धरणारे अर्धगोल पट्टे, बाहेरच्या ड्रमला गंजून चिकटले होते. मी डिझेलची बाटली उचलली. मामांनी माझं मनगट धरलं.

"काय करतो?"

"आत वततो. सुटंल."

"सुटंल की. फिरंल बी. पन थांबनार न्हाई बे, लायनर डिझेल प्याले की. दोन कॅन दूध घिऊन उताराला काय करशील, शिट्टी वाजवशील?"

डिझेल त्यांनी फक्त मधल्या आसाला लावलं, तेही कोंबडीच्या पिसानं, थेंब थेंब. ब्रेकच्या दांडीचा नट सैल करून ठेवला. मग ड्रमच्या कडेला ठोकळा लावून हळू टोले द्यायला लागले. एक इथं, एक समोर. पुन्हा एक इथं. मला ते बघवेना. घड्याळ बघत होतो. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मी म्हणालो, "मामा, जोरात हाना की! असं कुठं सुटतंय व्हय?"

"तू हानला की काल दगड. सुटलं?"

मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली, टोले न थांबवता. त्यांचा आवाज वाढत नव्हता, पण मला कळलं की माझा राग एक दिवसाचा आहे आणि या माणसाचा कितीतरी वर्षांचा.

"गिरनी बंद झाली तवा सगळे घरी गेले. मी सात महिने जायचो. पगार न्हाई, हजेरी न्हाई. रोज सकाळी जायचं आन एकेक मशीन हातानं फिरवायचं. एक फेरा. बास, एकच. फिरतं लोखंड एका जागी बसलं की धरतंय. तेल बी घरचं. म्हनलं, आज ना उद्या चालू व्हईल, तवा मशीन म्हनायला नको की फिटर कुठं मेलता. एक दिस गेलो तर गेटला नवं कुलूप. संचालक उभा व्हता. म्हनला, 'कावून येतो बे रोज? भंगार चोराया?'"

टोला थांबला.

"कोन व्हता?" मी विचारलं.

"तुजा चेअरमन. तवा तिथं संचालक व्हता, आता दुधात हाय."

त्यांनी ठोकळा बाजूला ठेवला आणि मायला हाक मारली. "अक्का, पानी तापवा. चांगलं खदखदतं. दोन घागरी लागतीन."

लोखंडाचं ड्रम तापलं की केसभर फुगतं आणि चिकटलेलं सोडतं, असं त्यांनी मला सांगितलं. मायनं चूल पेटवली. घागरी आणल्या. मामांनी तांब्यानं उकळतं पाणी चाकाच्या मधल्या भागावर धार धरून सोडलं. खाली भुईवर पाणी पिवळं होऊन वाहिलं. फटीफटीतून हळद निघत होती. एका दसऱ्याची ती नव्हती.

मामांनी तांब्या थांबवला. "ही एवढ्या आत कशी गेली? गाडी धुतली व्हती का कुनी?"

माय घागर धरून उभी होती. म्हणाली, "मी धुतली की. दर दसऱ्याला."

"पयल्या वर्साला टँकर आठ-आठ दिस येत नव्हता," ती मामांना सांगायला लागली, मला नाही. "दसरा आला तवा म्या घागरभर पानी राखून ठिवलं. चाकं, बिकं समदी चोळून धुतली. हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आन लगीच ताडपत्री घातली, धुरळा बसंल म्हनून. दुसऱ्या वर्साला बी. अवंदा बी. मंग काय? सणाच्या दिशी लेकराची गाडी पारुशी ठिवायची?"

गाडी ओली, वरून ताडपत्री, बंद गोठा. पाणी ब्रेकच्या डब्यात शिरलं आणि तिथंच बसलं. तीन दसरे.

टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायांत माझी माय होती. दोन घागरी मिळाल्या तर एक पिण्याची. त्यातली घागरभर तिनं माझ्या गाडीला घातली, आणि त्याच पाण्यानं गाडी धरली. मला गहिवरून यायला पाहिजे होतं. खरं लिहितो, तसं काही झालं नाही. राग आला. चुलत्यावर करून ठेवलेला राग आता कुठं ठेवू ते कळेना आणि तो तिच्यावरच आला.

"तुला कुनी सांगितलं व्हतं धुवायला?" मी ओरडलो. "हात लावू नको म्हनलतो ना मी!"

मायनं घागर खाली ठेवली. मामा उठून उभे राहिले. त्यांच्या हातात तांब्या होता, त्यातून वाफ येत होती.

"गप बे," ते म्हणाले. "कुनाला हात लावू देऊ नको, एवढंच सांगून गेलता ना तू? मंग? अक्का, तुमचं काईबी चुकलं न्हाई. धुतलं ते बरं केलं. धुतल्यावर चाक हातानं फिरवायचं आसतंय, वाळंपातूर. ते ह्यानं सांगायचं व्हतं. गाडी ह्याची हाय ना? मंग सांगायचं काम बी ह्याचंच व्हतं."

आणि मला म्हणाले, "धर चाक. पुढं वढू नको. मागं. अंगठ्याएवढं मागं, अंगठ्याएवढं पुढं. भांडू नको त्याच्यासंगं."

मी बसलो. ते पाणी सोडायचे, टोला द्यायचे, मी टायर धरून मागं रेटायचो. डोळ्यात काय आलं होतं ते वाफेवर घालवलं. दुसरी घागर अर्धी झाली तेव्हा आतून कट्ट असा आवाज आला, वाळलेली शेंग फुटावी तसा. चाक बोटभर हललं. मग दोन बोटं. मग करकरत अर्धा फेरा फिरलं. माय दारातून म्हणाली, "फिरलं का रं?" मामा म्हणाले, "फिरलं, अक्का."

पुढचं काम चार वाजेपर्यंत चाललं. चाक खाली काढलं, डबा उघडला. आतून लाल भुकटी पडली. लायनर आणि ड्रम पॉलिश पेपरनं घासले, मी घासले, मामांनी नखानं तपासले. हवा भरली. इंजिननं तीसेक किका खाल्ल्या आणि धूर सोडून चालू झालं. भिंतीपलीकडं चुलत्याला आवाज गेला असेल. मी त्याच्याकडं गेलो नाही. जायला पाहिजे होतं, हे मामांनी सांगितलं नाही आणि मला सुचलं असूनही मी सुचू दिलं नाही.

मामा त्या दिवशी परत गेले नाहीत. "सकाळी तुज्या मागं बसून येतो," म्हणाले. "ब्रेक लागतो का बघायचाय." ब्रेक तर त्यांनी संध्याकाळीच चारदा बघितला होता.

सोमवारी सहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही सोसायटीपुढं होतो. दूध घालायला आलेल्या बाया-माणसांची रांग लागली होती. चेअरमन खुर्चीवर. शेजारी त्याचा पुतण्या, नव्या कोऱ्या गाडीवर. आणि कॅन आधीच त्या गाडीला बांधलेली.

"आला व्हय?" चेअरमन म्हणाला. "तुजी गाडी मेली म्हनून ऐकलं. मंग दुसरी सोय केली बाबा. दूध काय थांबतंय का कुनासाठी?"

"सहा वाजले न्हाईत अजून," मी म्हणालो. ते भीतीनं म्हणालो का रागानं, मला आजही सांगता येणार नाही.

"आता झालं ते झालं."

मामा मागून उतरले. धोतराचा सोगा झटकला आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "रामराम साहेब. वळखलं का? मी तो, गिरनीत भंगार चोराया यायचो."

रांगेतली एक म्हातारी फस्सकन हसली. मग दुसरी. चेअरमनचा चेहरा उतरला. "मामा, जुनं कशाला काढताव सकाळी सकाळी."

"जुनं कुठं? ह्या पोरानं सहाची येळ पाळली, तुमी पाळा म्हनतो. यवढंच."

रांग आता दूध घालायचं सोडून बघत होती. चेअरमननं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं बरं. नदीपल्याडच्या वस्त्या हायेत. रस्ता न्हाई तिकडं, पात्रातनं जावं लागतंय. जातो का?" त्याच्या पुतण्याला नवी गाडी तिथं घालायची नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. मला उरलेलं, वाईट ते देत होता. त्याचा राग मला आजही येतो. पण मी "जातो" म्हणालो, आणि दोन कॅन बांधली. कारखान्यात फोन करून गादी खरंच देऊन टाकायला सांगितली.

ते काम चौदा महिने केलं. पात्रातल्या वाळूतनं, दगडातनं. उताराला ब्रेक लागला की प्रत्येक वेळी मामांनी माझं मनगट धरलेलं आठवायचं. मग पुन्हा पाऊस गेला. पुन्हा छावणी, पुन्हा सोसायटीला कुलूप. चेअरमन आता कुठल्यातरी तिसऱ्या संस्थेत आहे म्हणतात. मी पुन्हा इथं आहे, त्याच कारखान्यात, दुसऱ्या गादीवर.

गाडी गोठ्यात आहे. या वेळी निघताना मायला म्हणालो, धू, पूज, हार घाल, पाहिजे ते कर, फक्त चाकं रोज एकदा फिरव. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की ती गोठ्यात जाऊन दोन्ही चाकं एक-एक फेरा फिरवते आणि फोनवर न विचारता सांगते, "फिरवली बरं का." ती माहेरी गेली की चुलता फिरवतो. छावणीच्या बोलण्याची माफी मी त्याच्याजवळ फार उशिरा मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे, चाक कुठं हाय तुजं, मी बी फिरवतो." त्या दिवसापासून त्याला हँडलला हात लावायची परवानगी आहे.

चाक सुटलं त्या दिवशी मामांना काही द्यायला गेलो तर त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं आणि मायच्या हातचा चहा तेवढा घेतला. आता त्यांना डोळ्यानं कमी दिसतं. गिरणीचं गेट रस्त्यावरूनच दिसतं, आत बाभळी वाढल्यात, कुलूप तेच आहे. एसटीतून जाताना मामा त्या बाजूला बघत नाहीत.

मामा, ते कुलूप एक ना एक दिवस निघणार आहे. चालू करायला निघेल का भंगारवाल्यासाठी, ते मला माहीत नाही. कशासाठीही निघो. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी हातातली पाळी टाकून येईन, डिझेल आणि कोंबडीचं पीस घेऊन. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसायचं आणि कुठं टोला द्यायचा ते सांगायचं. तुमची सगळी मशीनं, एकूण एक, मी हातानं सोडवीन आणि प्रत्येकाचा एक फेरा तुमच्या कानाला ऐकवीन.